शोएबुल्लाखान यांनाच का मारले?

हैदराबादच्या कोठी भागालगत असलेल्या जामबागमध्ये विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था आहे. निजामी राजवटीत राज्यभाषा उर्दू असताना केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तेथून जवळच असलेल्या काचीगुडा परिसरात २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांची हत्या झाली. वयाची अठ्ठावीस वर्षेही त्यांनी पूर्ण केली नव्हती.

गोमंतकाप्रमाणेच हैदराबादच्या वाट्यालाही १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य आले नाही. संस्थानातील बहुसंख्य प्रजा हिंदू होती. सत्ता मात्र निजामाच्या हाती होती. संस्थान स्वतंत्र राहावे, असा कासीम रझवीच्या रझाकार संघटनेचा आग्रह होता. हा आग्रह साऱ्या मुसलमानांचा आहे, या दाव्यावरच तिचे बळ अवलंबून होते.

रझाकारांच्या हिंसेला त्याआधीही अनेकजण बळी पडले होते. मराठवाड्यातील स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूरजवळ ठार मारण्यात आले. पानसरे उघडउघड विरोधी पक्षातले होते. त्यांच्या हत्येमागचा हेतू इतरांना दहशत बसवणे हा होता.

शोएबुल्लाखान यांची गोष्ट निराळी होती. ते मुसलमान होते, उर्दूत लिहीत होते आणि भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुसलमानांनी विलीनीकरणाच्या बाजूने काढलेल्या निवेदनाला ‘इमरोज’ने स्थान दिले. संपूर्ण समाजाच्या वतीने बोलण्याचा रझवीचा हक्क त्यामुळे त्याच समाजातून नाकारला गेला. विरोधी हात तोडले जातील, अशी धमकी रझवीने जाहीर सभेत दिली होती. काही दिवसांतच कार्यालयातून घरी परतणाऱ्या या संपादकावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा हात तोडण्यात आला. सोबतचा मेहुणाही जबर जखमी झाला.

हीच रीत तुर्कस्तानातही दिसते. बहरिये उचोक या इस्लामी इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. डोके झाकणे धर्माने सक्तीचे केलेले नाही, असे त्या सांगत. ६ ऑक्टोबर १९९० रोजी अंकारा येथील त्यांच्या घरी पार्सलमधून आलेल्या बॉम्बने त्यांचा बळी घेतला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला इस्तंबूलमध्ये तुरान दुर्सुन यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. धर्माचे कठोर टीकाकार असलेले दुर्सुन पूर्वी स्वतः मुफ्ती होते. दोघांचाही त्या विषयाचा अधिकार नाकारणे विरोधकांना कठीण होते. बाहेरच्याची टीका शत्रूची म्हणून झटकता येते. आतल्या जाणकाराला तसे उत्तर देता येत नाही. अशा वेळी युक्तिवाद संपलेल्यांच्या हाती शस्त्र येते.

हत्येनंतर महिनाही लोटला नव्हता, तोच भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. रझवीला शिक्षा भोगावी लागली ती बीबीनगर दरोडा प्रकरणात. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. ज्या विलीनीकरणासाठी शोएबुल्लाखान लिहीत होते, ते झाले. एका नेत्याच्या आवाजाला संपूर्ण समाजाचा आवाज मानण्याची सवय मात्र रझाकारांबरोबर संपली नाही. त्या समाजातील वेगळे मत मांडणाऱ्यांना एकटे पाडण्याची सुरुवात याच सवयीतून होते.