किल्ल्यांची गर्दी आणि आपला कापडधंदा

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ११ आणि तामिळनाडूतील जिंजी असे एकूण १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. किल्ले पाहणाऱ्यांची गर्दी वाढणार, तेव्हा तिथे कोणता माल चालेल, असे भिवंडीतील काही व्यापारी बंधू मला विचारतात. त्या प्रश्नाचा थोडा विचार आज करू.

पर्यटक दोन प्रकारे पैसा खर्च करतो. पहिला खर्च सोयीसाठी. मुरूडजवळचा जंजिरा समुद्रात आहे, होडीशिवाय तिथे जाता येत नाही. म्हणून राजपुरीच्या धक्क्यावरील होडीवाल्यांना किल्ल्यामुळे रोजी मिळते. पावसाळ्यात होड्या बंद, की कमाईही बंद. दुसरा खर्च आठवणीसाठी. इथे आपला, म्हणजे कापडवाल्यांचा संबंध येतो. मात्र आठवण म्हणून माणूस त्याच गावची वस्तू शोधतो. कुठल्याही बाजारात मिळणारा रुमाल तो किल्ल्यावर कशाला घेईल?

याचे उत्तम उदाहरण दौलताबाद. यादवांचा हा देवगिरी किल्ला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने त्यावर स्वारी केली आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. डोंगर तासून केलेला खंदक, अंधारी वाट आणि चाँद मिनार पाहायला आजही लोक येतात. वेरूळच्या लेण्यांना जाणारा रस्ता इथूनच जातो, त्यामुळे वेरूळचा प्रवासीही येथे उतरतो.

तुघलकाच्या लवाजम्याबरोबर विणकर आले आणि त्यांनी या भागात हिमरू रुजवला, असे जुने लोक सांगतात. किमख्वाबमध्ये सोन्याचांदीची तार असते. ती न परवडणाऱ्यांसाठी तिच्या तोडीचे कापड म्हणजे हिमरू. ताणा सुताचा, नक्षीचा बाणा रेशमाचा. नक्षीचे जादा धागे उलट बाजूला सैल राहतात, म्हणून शाल मऊ आणि उबदार लागते. हे काम अतिशय सावकाश चालते. आता ते हाताने विणणारे फार थोडे कारागीर उरले आहेत.

मागे वेरूळला जाताना एका दुकानात मला “असली हिमरू, हातमागाची” म्हणून शाल दाखवली. भिवंडीचा माणूस, मी आधी किनार पाहिली. बाण्याची टोके कापलेली, झालर सुटलेली. हातमागावर धोटा फिरतो, धागा किनारीला वळून परत येतो. कापलेली टोके रेपियर मागावर निघतात. धागा काढून जाळला तर वितळून त्याची कडक गोळी झाली, म्हणजे पॉलिस्टर. सूत कागदासारखे जळते, रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो. ती शाल कोणत्या गावी विणली, हे मी विचारले नाही. आमच्याच गावचे नाव निघाले असते तर काय उत्तर देणार होतो?

यंत्रमागाचे कापड विकणे हा गुन्हा नाही, आमची रोजीच त्यावर आहे. पण ते हातमागाचे म्हणून विकले, की दोघांचे नुकसान होते. गिऱ्हाईक फसते आणि खऱ्या विणकराला त्याच्या मेहनतीचा भाव मिळत नाही. त्याने माग बंद केला, की त्या गावची ओळख संपते आणि आपली स्वस्त नक्कलही कोणी विचारत नाही.

तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हातमागाचा माल ठेवायचा तर २००६ पासून सुरू असलेली हँडलूम मार्कची चिठ्ठी असलेला घ्यावा. दोन, यंत्रमागाचा माल वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर तसे स्पष्ट लिहावे. कमी किमतीचे गिऱ्हाईक तो आनंदाने घेते. तीन, जागा घेण्याआधी कायदा पाहावा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाच्या आत परवान्याशिवाय माल विकता येत नाही. पागडी देऊन बसल्यावर हे कळले, तर भांडवल बुडते.

किल्ल्यावरचे गिऱ्हाईक बहुधा पुन्हा येत नाही, म्हणून त्याला काहीही खपवावे, असा हिशेब काही जण करतात. पण ती शाल त्याच्या घरी वर्षानुवर्षे राहते आणि पाहणारा प्रत्येक जण कुठून आणली हे विचारतो. तिथे आपल्याबद्दल काय सांगितले जावे, हे माल देतानाच ठरवावे.