पद्मिनीचं पॅकिंग आणि आपला उन्हाळा



गेल्या मे महिन्यात तामसीहून आदिलाबादला लग्नाला गेलो. बाजारात दहा मिनिटं गाडी उभी केली, परत सुरू होईना. एका मिस्त्रीने प्लग बदलले, मग म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल." दुखणं मात्र कार्बुरेटरखाली होतं. अशी जुनी गाडी अजून आपल्यापैकी कुणाकडे असेल, म्हणून हे लिहितो.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० वरून बनलेली, इंजिन १०८९ सीसीचं. अशा गाड्यांत कार्बुरेटर आणि तापलेलं इंजिन यांच्यामध्ये एक जाड ठोकळी असते, तिला स्पेसर म्हणतात. तिचं काम उष्णता अडवणं. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो आणि सगळी धग वर चढते. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांनंतरच उकळू लागतो. कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं आणि गाडी रुसते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा.

स्पेसर बेकलाइटचाच घ्यावा. ॲल्युमिनियमचा चकचकीत दिसतो, पण तो उष्णता अडवत नाही, वर पोचवतो. आमच्या गाडीत तोच निघाला! जाडी मूळच्याइतकीच ठेवावी. जास्त जाड घेतला तर स्टड अपुरे पडतात, ॲक्सिलरेटरची जोडणी बिघडते आणि एअर क्लीनर बॉनेटला लागू शकतो.

स्पेसरच्या वर आणि खाली, दोन्हीकडे नवीन पॅकिंग हवं. पॅकिंगचं भोक कार्बुरेटरच्या भोकापेक्षा लहान नसावं. साधा सिलिकॉन लावू नये, पेट्रोलने तो फुगून सुटतो. जुनं पॅकिंग खरवडून जागा साफ करावी. कार्बुरेटरचा तळ सपाट काचेवर ठेवून पाहावा, डुगडुगला तर तो वाकलेला आहे. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकीकडे जोर केला की तळ वाकतो.

शेवटी गाडी सुरू ठेवून जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. याकडे दुर्लक्ष करू नये. जादा हवेने मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतात.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या रबरी नळ्या आणि बुचाची पॅकिंगं त्याने खराब होतात, तीही याच वेळी बदलावीत.

पॅकिंगचा खर्च किरकोळ, इंजिन खोलण्याचा मोठा. म्हणून इंजिन खोलायला होकार देण्याआधी कार्बुरेटरखाली एकदा नजर टाका.