बृहदांत्राच्या आघातजन्य इजा : शस्त्रक्रियेच्या बदलत्या दिशा

प्रस्तावना :
बंदुकीची गोळी, चाकूचा वार किंवा वाहन अपघात यांमुळे बृहदांत्रास म्हणजेच मोठ्या आतड्यास इजा होऊ शकते. आतड्याची भिंत फाटताच जंतुयुक्त मल उदरपोकळीत सांडतो व प्राणघातक जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो. अशा वेळी जखम थेट शिवावी, की कोलोस्टॉमी करून म्हणजे पोटावर कृत्रिम मलद्वार तयार करून मल बाहेर वळवावा, हा शल्यचिकित्सकांपुढील मूलभूत प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पहिल्या महायुद्धात या इजांनी निम्म्याहून अधिक जखमी दगावत. १९४३ साली अमेरिकी सैन्यात कोलोस्टॉमी बंधनकारक करण्यात आली. मृत्यूचे प्रमाण घटले आणि त्याचे श्रेय कोलोस्टॉमीस मिळाले. परंतु त्याच काळात जखमींची जलद वाहतूक, रक्तसंक्रमण व जंतुरोधक औषधे यांतही मोठी सुधारणा झाली होती, याकडे दुर्लक्ष झाले. पुढे हाच युद्धकालीन नियम नागरी रुग्णालयांतही दीर्घकाळ पाळला गेला.

संशोधनाचा कौल :
१९७९ मध्ये स्टोन व फेबियन यांनी १३९ निवडक रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना केली. थेट शिवलेल्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. मात्र तीव्र रक्तस्राव, मोठ्या प्रमाणात सांडलेला मल किंवा आतड्याचा भाग काढण्याची गरज असलेले रुग्ण या चाचणीतून वगळलेले होते. २००१ साली आतड्याचा भाग काढावा लागलेल्या २९७ रुग्णांचा बहुकेंद्री अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून नसून मलदूषण, चार किंवा अधिक पिशव्या रक्ताची गरज व अपुरी प्रतिजैविके यांच्याशी निगडित असल्याचे दिसले.

सद्यःस्थिती :
भिंतीच्या निम्म्याहून कमी घेरातील जखम आता सामान्यतः थेट शिवली जाते. इजा मोठी असल्यास तो भाग काढून उरलेली टोके जोडतात. रुग्ण अत्यवस्थ असल्यास प्रथम रक्तस्राव व मलगळती थांबवून, प्रकृती स्थिरावल्यावर एक-दोन दिवसांनी जोडणी करतात. जोडणी सुरक्षित वाटत नसल्यास कोलोस्टॉमीचा पर्याय आजही खुला आहे.

निष्कर्ष :
कोलोस्टॉमी म्हणजे रुग्णासाठी कित्येक महिने पोटावरील पिशवी आणि ती बंद करण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया होय. म्हणून ती केवळ रूढीने न करता रुग्णाची प्रत्यक्ष अवस्था पाहून करणे, हेच या अनेक दशकांच्या अनुभवाचे सार आहे.