मल्लदेहाची शंभर वर्षे

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि तशा धर्तीचे मैदान आपल्या राजधानीतही असावे हा संकल्प मनाशी धरून दहा वर्षांनी, १९१२ साली, कोल्हापुरात खासबागेचे कुस्त्यांचे मैदान सिद्ध केले. मध्ये मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली वर्तुळाकार बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे अगदी मागच्या प्रेक्षकासही डाव स्पष्ट दिसतो. तेव्हापासूनच्या आपल्या कुस्तीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कोणी कोणास किती मिनिटांत अस्मान दाखविले आणि कोणती गदा कोणाच्या खांद्यावर गेली, हे जुन्या शौकिनांना आजही मुखोद्गत असते. परंतु ज्या शरीरांनी हा इतिहास घडविला त्यांच्या गुडघ्यांचे, मानेचे आणि काळजाचे पुढे काय झाले, याचे दप्तर कोणी ठेवले नाही. या शतकभरात मल्लाच्या देहाकडून होणारी मागणी दोनतीनदा मुळापासून बदलली आणि प्रत्येक वेळी ती बदलणारा हात तालमीबाहेरचा होता; म्हणूनच हा मागोवा मैदानांचा न घेता देहाचा घ्यावा, असे मला वाटते.

संस्थानी काळातील कुस्तीस घड्याळ नव्हते आणि तराजूही नव्हता. जोड ठरे ती वस्तादांच्या नजरेने, आणि कुस्ती चाले ती निकाली होईपर्यंत किंवा पंचांनी बरोबरीत सोडवीपर्यंत. अर्धा अर्धा तास नुसती खडाखडी चालावी, प्रतिस्पर्ध्याचा दम उखडण्याची वाट पाहावी आणि मग एका निमिषात पट काढावा किंवा ढाक लावावी, अशा लढतीला जे शरीर लागे तेच तालमीत घडविले जाई. पहाटेच्या अंधारात उठून पोरांनी आधी फावड्याने हौदा खणावयाचा, ही मेहनतीची पहिली पायरी असे. ताक, तेल, हळद, लिंबू आणि काव मुरवून मऊ केलेली ती तांबडी माती पायाखाली भुसभुशीत झाली की शेकड्यांनी जोर, त्याहून अधिक बैठका आणि सपाट्या, आणि त्यानंतर लढती. मांड्या, कंबर, पाठ आणि मान यांचा असा काही संयोग त्यातून होई की कोणताही एक स्नायू उठून दिसण्यापेक्षा सबंध धड एकजीव दिसावे. जड शरीर हा त्या काळी निर्विवाद लाभ होता, कारण वजनी गट नव्हते. आणि जड शरीर पोसण्यास लागणारे दूध, तूप, बदाम आणि मटण यांची तजवीज दरबाराकडून होत असे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या मल्लांना खुराकाची नेमणूक होती, राहण्यास तालीम होती, आणि उत्तर हिंदुस्थानातील नामांकित मल्लही त्या आश्रयाच्या ओढीने कोल्हापुरास येत.

त्या मेहनतीची सर्वांत ठळक खूण मल्लाच्या कानांवर उमटते. डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, खांद्यावर, दंडावर सतत घासले आणि आपटले गेल्याने कानाची कूर्चा आणि तिच्यावरील पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे सारे पोषण त्या आवरणातून व्हावयाचे, आणि मध्ये रक्ताचा थर आला की ते पोषण तुटते. साचलेले रक्त वेळेवर काढून पट्टीने कान दाबून ठेवला तर कान वाचतो. तसे न केल्यास कूर्चेचा काही भाग मरतो, त्या जागी वेडीवाकडी घट्ट ऊती भरते, आणि काही महिन्यांत कानाच्या सगळ्या घड्या बुजून तेथे एक निबर गोळा उरतो. कोवळ्या पोराचा कान प्रथम सुजतो तेव्हा तो रात्री त्या कुशीवर निजू शकत नाही, परंतु दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हौद्यात उतरतो, कारण मोडलेला कान ही तालमीत अंगावरची सनद समजली जाते. मला त्या कानांविषयी आदर आहे. तथापि, सुई आणि पट्टी यांनी सहज टळणारी इजा आपण अभिमानाचे चिन्ह म्हणून मिरवू दिली, आणि त्यामुळे इतर इजांकडेही त्याच दृष्टीने पाहण्याची सवय तालमींना लागली, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

१९४८ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत घडलेले हे शरीर एका निराळ्या कायद्यापुढे उभे राहिले. गादीवर लढण्याचा त्यांना अनुभव नव्हता. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाची शिकवणी मिळाली आणि ५२ किलोच्या गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीस ते ५७ किलोच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. त्यांच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवल्याची हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ती हेलसिंकीतील थकव्याची. जपानच्या इशीशी झालेली पंधरा मिनिटांची पुरी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु तो दाखवून देण्यास त्यांच्या बाजूचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. पंधरा मिनिटांच्या झटापटीनंतर स्नायूंत साचलेले आम्ल ओसरावयास, हृदयाचे ठोके मूळपदावर यावयास आणि हातांच्या पकडीत पुन्हा जोर यावयास काही काळ जावाच लागतो. तो काळ खाशाबांना नाकारला गेला. पुढे मेलबोर्नच्या तयारीत गुडघ्यास गंभीर इजा होऊन त्यांची कारकीर्द संपली. देशाला वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला मल्ल एका गुडघ्यामुळे थांबला. हे दुर्दैव खरे, परंतु त्यानंतरच्या सत्तर वर्षांत असे किती गुडघे गेले याची साधी यादीही आपल्यापाशी नाही.

कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी खुराक संपला. त्याची जागा जत्रांच्या इनामांनी, साखर कारखान्यांच्या मानधनाने आणि मुख्यतः शेतकरी बापाच्या कर्जाने घेतली. तरीही त्या पिढीची कर्तबगारी अलौकिक होती. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढल्या वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांकडे आला, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. आणि १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य पदक मिळविले, तेही मुक्त आणि ग्रीको-रोमन अशा दोन भिन्न प्रकारांत. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही, म्हणजे ज्या पट काढण्यावर आपली मेहनत उभी ती तेथे निरुपयोगी. तरीही मातीने दिलेली पाठ आणि पकड तेथेही पुरी पडली. सर्वांगाची मेहनत करणाऱ्या जुन्या पद्धतीची याहून मोठी शिफारस मला सुचत नाही.

गादी आली तसा काळ आखडत गेला. आज लढत तीन मिनिटांच्या दोन डावांची असते. पूर्वीचा मल्ल धिम्या आचेवर तासभर तापत राही. आजच्यास सहा मिनिटांत सारी शक्ती उधळावी लागते, आणि त्यामुळे त्याची तयारी दमापेक्षा स्फोटक वेगाची, पुनःपुन्हा धाप लागवून पुन्हा सावरण्याची झाली. पायांत पकड घेणारे बूट आले. मऊ मातीत अनवाणी पाऊल थोडे सरकते, रुतते, वळते. गादीवर बुटाने पाऊल जागच्या जागी खिळते आणि वरचे शरीर वळले की सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आतील आडवे-उभे बंध आणि त्यातील अर्धचंद्राकृती कूर्चा यांची फाटाफूट ही आजच्या मल्लांची नित्याची कथा आहे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट हिला गुडघ्याच्या इजेमुळे स्ट्रेचरवरून न्यावे लागले आणि २०२३ साली पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, हे सर्वांनी पाहिले. जत्रेच्या फडावर गुडघा गेलेला पोरगा कोणास दिसत नाही, तो मुकाट्याने गावी परततो.

पण या नव्या युगाची सर्वांत क्रूर मागणी तराजूने केली आहे. वजनी गट आले ते दुबळ्यावर अन्याय होऊ नये म्हणून, आणि हेतू न्याय्यच होता. मल्लांनी मात्र खालच्या गटात उतरून वरचढ ठरण्याची युक्ती शोधली: वजन करण्यापूर्वी शरीरातील पाणी काढून टाकावयाचे आणि काट्यावरून उतरल्यावर पुन्हा भरावयाचे. पाणी गेले की रक्त घट्ट होते, हृदयास तेच रक्त खेळवावयास अधिक ठोके द्यावे लागतात, घाम आटतो आणि आतील उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते. १९९७ साली अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्ल याच प्रयत्नात मृत्युमुखी पडले. रबरी पोशाख घालून, तापविलेल्या खोलीत, ते घाम गाळीत होते. त्या देशाने तातडीने असे पोशाख आणि बाष्पस्नान यांना बंदी केली आणि शरीरातील पाण्याची पातळी लघवीच्या तपासणीवरून पाहूनच मोसमातील किमान वजन ठरविण्याचा दंडक घातला. जागतिक कुस्ती संघटनेने २०१८ पासून एका गटाची स्पर्धा दोन दिवसांची करून दोन्ही सकाळी वजन घेण्याचा नियम केला, म्हणजे एकदा सुकवून पुन्हा फुगण्यास वाव राहू नये. परिणाम असा झाला की काहींना सलग दोन रात्री सुकावे लागले.

२०२४ च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकमध्ये जे घडले त्यात हे सारे उघड्यावर आले. ५० किलोच्या गटात एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरीत पोचलेली, तोवर आंतरराष्ट्रीय लढतींत अजिंक्य असलेल्या जपानच्या सुसाकीस हरविणारी विनेश रात्रभर दोरीवरच्या उड्या आणि बाष्पस्नान करीत राहिली, केस कापले, आणि सकाळी काट्यावर १०० ग्रॅम अधिक भरली. तिचे रौप्यही गेले. त्याच आठवड्यात अमन सेहरावत उपांत्य लढत हरून उतरला तेव्हा त्याचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी अधिक होते. दहा तासांत ते उतरवून तो दुसऱ्या दिवशी लढला आणि त्याने कांस्यपदक मिळविले, तेही खाशाबांच्याच ५७ किलोंच्या गटात. वृत्तपत्रांनी त्या रात्रीचे कौतुक केले. त्या मुलाच्या जिद्दीपुढे माझेही मस्तक नमते. परंतु एकवीस वर्षांच्या देहातून एका रात्रीत पन्नासावा नव्हे, तेरावा-चौदावा हिस्सा पिळून काढणे हा पराक्रम म्हणून गावोगावच्या तालमींत पोचला, याची मला धास्ती वाटते.

आपल्या महाराष्ट्रात तर ओढाताण दोहींकडून आहे. महाराष्ट्र केसरीच्या किताबासाठी ८६ ते १२५ किलोंचा खुला गट, आणि माती व गादी या दोन विभागांतील विजेते अखेर एकमेकांसमोर. घोड्यावरून मिरवणूक, गदा, नोकरीची आशा हे सारे त्या एका गटाभोवती. म्हणून ज्याच्या हाडापेराला ७४ किलोच शोभावे असा मुलगाही खुराक आणि चरबी चढवून त्या मर्यादेपलीकडे जाऊ पाहतो. तोच मुलगा राष्ट्रीय निवडीच्या वेळी खालच्या गटासाठी उपाशी राहतो. एकाच सांध्यावर, एकाच हृदयावर वर्षभरात फुगण्याचे आणि आटण्याचे असे दोन परस्परविरोधी हुकूम सुटतात. कुस्ती सुटल्यावर मेहनत थांबते, भूक मात्र तीच राहते. चाळिशी ओलांडलेल्या पैलवानांत रक्तदाब, मधुमेह आणि झिजलेले गुडघे दिसतात ते याचेच पर्यवसान. जत्रेच्या फडावर मानाच्या फेट्यात बसलेले हे जुने मल्ल सत्कारासाठी उठताना दोन्ही तळवे मांड्यांवर रेटून, दोन दमांत उठतात, आणि शेजारचा पोरगा न सांगता त्यांच्या कोपराखाली हात देतो.

मानेची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या मैदानात डाव चालू असता मानेस इजा झालेला एक विशीतला मल्ल काही दिवसांनी मरण पावला. मैदानात ढोल, हलगी, पंच, इनामाची थैली, सर्व असते. मान स्थिर ठेवणारा पट्टा, फळी आणि ती कशी वापरावी हे जाणणारा माणूस सहसा नसतो. लाखालाखांची इनामे लावणाऱ्या यात्रा कमिट्यांना हा खर्च जड नाही.

जुन्या तालमी मोडाव्यात असे मी म्हणत नाही. उलट मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींनी जे सर्वांगीण शरीर घडविले ते आजच्या घाईच्या तयारीपेक्षा अधिक टिकाऊ होते असे माझे ठाम मत आहे. माझे मागणे वस्तादांपाशी आणि यात्रा कमिट्यांपाशी आहे. दर तालमीत एक वही ठेवावी. तीत प्रत्येक मुलाचे आठवड्याचे वजन, त्याच्या इजा आणि वर्षातून दोनदा रक्तदाब व रक्ताची तपासणी लिहावी. अठरा वर्षांखालील मुलास पाणी तोडून वजन उतरविण्यास सक्त मनाई असावी. सुजलेला कान त्याच दिवशी डॉक्टरास दाखवावा, आणि ज्या मैदानात डॉक्टर व रुग्णवाहिका हजर नाहीत तेथे आपल्या पोराची जोड लावू नये. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. वही त्याआधी उघडावी, एवढी विनंती आहे.