बूट होणारा बॅकअप : क्लोन की इमेज?

मागच्या भागात फायलींचा बॅकअप पाहिला. पण हार्ड डिस्क उडाली की फायली परत आणण्यापेक्षा जास्त वेळ विंडोज, टॅली आणि प्रिंटरचे ड्रायव्हर नव्याने बसवण्यात जातो. हे सगळं होतं तसं उभं करायचं तर दोन रस्ते आहेत.

क्लोन म्हणजे आख्खी डिस्क, बूटच्या भागासकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. मूळ डिस्क गेली की कॅबिनेट उघडायचं, दुसरी बसवायची आणि बिलं फाडायला लागायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा विंडोज ७ चा जुनाट पीसी कोपऱ्यात असतो. सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, बसवून देणारा फोन उचलत नाही. तिथे दुसरा विचार नको, क्लोनच करा. फक्त ती डिस्क यूएसबीच्या डबीत घालून त्यावरूनच काम चालेल, या भरवशावर राहू नका. नेहमीची विंडोज तशी सुरू होत नाही, डिस्क आतच बसवावी लागते.

इमेजमध्ये तीच डिस्क दाबून फायलींच्या रूपात साठवली जाते. एकाच एक्स्टर्नल डिस्कवर ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मावतात, तेही वेगवेगळ्या तारखांचे. व्हायरस परवा शिरला असेल तर गेल्या महिन्याची इमेज हाताशी राहते. क्लोनमध्ये ही सोय नाही. मात्र इमेज स्वतः बूट होत नाही, त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह लागतो. इमेज बनवणारं रेस्क्यूझिला फुकट आहे आणि माउसने चालतं. त्याची आयएसओ फाइल रूफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.

कोल्हापुरात आणखी एक हिशेब धरावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी डिस्कच काय, कॉम्प्युटरच बुडतो. नव्या कॉम्प्युटरवर जुना क्लोन चालेलच असं नाही, कारण जुनी डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या बूट पद्धतीची असते आणि नव्या मशीनला बहुधा यूईएफआय ही नवी पद्धतच हवी. इमेज पूर्ण उतरवतानाही हीच अडचण येते, पण इमेज उघडून आतल्या फायली तरी काढता येतात. म्हणून पूररेषेतल्या तळमजल्याच्या दुकानाला मी इमेज सुचवेन, आणि ती डिस्क राजारामपुरीत किंवा उंचावरच्या पाहुण्याच्या घरी. गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये नको.

काहीही निवडा, पण एकदा चालवून बघा. क्लोन असेल तर मूळ डिस्कची केबल काढून मगच मशीन सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने एकत्र जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकते. इमेज असेल तर निदान पेन ड्राइव्हवरून मशीन उठतं का आणि एक्स्टर्नल डिस्क दिसते का, एवढं पाहा. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती कुठे सापडते, ते पुढच्या भागात.