वर्धा नदीतील माशांची पिले : नक्षत्रवार हालचाल

तिफण केव्हा चालावी व निंदण केव्हा व्हावे, याचा हिशेब आपण नक्षत्रांवर ठेवतो. नदीतील मासाही आपले बी त्याच पंचांगावर पेरीत असतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः त्यातील बरीच पिले आपल्याच शेतालगतच्या नाल्यांत वाढतात. म्हणून हा विषय केवळ भोई-ढीवरांचा नसून शेतकऱ्यांचाही आहे.

मुलताईजवळ उगम पावून वर्धा नदी आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखीत जाते व पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीत शिरते. वणा, धाम, बोर, यशोदा यांचे पाणी अखेर तीतच उतरते. उन्हाळ्यात रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे खोल डोहांचा आश्रय करतात.

मृग व आर्द्रा (७ जूनपासून) : पाणी गढूळ होऊन वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. पूर गवताळ, उथळ काठावर पसरला म्हणजे ते तेथे अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात सहसा घालीत नाहीत. किलोभर वजनाची रोहूची मादी सुमारे २ लाख अंडी देते. ती १५ ते १८ तासांत फुटतात.

पुनर्वसू व पुष्य (जुलै) : नुकत्याच फुटलेल्या पिलांस जिरे म्हणतात. पहिले ३ दिवस ते पोटाखालच्या पिशवीतील अन्नावर जगते व पुराबरोबर वाहत काठाच्या संथ पाण्यास लागते.

आश्लेषा व मघा (ऑगस्ट) : इंचभर झालेली पिले नाल्यांच्या मुखांत व डबक्यांत पांगतात, कारण तेथील उबदार पाण्यात त्यांचे सूक्ष्म खाद्य विपुल असते.

पूर्वा ते चित्रा (सप्टेंबर-ऑक्टोबर) : पिले बोटाएवढी, म्हणजे बोटुकली होतात व पाणी ओसरताच मुख्य पात्राकडे परततात. मागे राहिलेली बगळ्यांच्या वाट्यास जातात.

सिंभोऱ्याजवळील अप्पर वर्धा धरणासारखी कामे माशांची वाट अडवितात. त्यास आपला इलाज नाही. परंतु पुढील तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली : कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या मृगापूर्वीच काढाव्यात आणि मोठे पूर ओसरल्यावरच पुन्हा घालाव्यात.

दुसरी : परतीच्या दिवसांत नाल्याच्या तोंडावर मच्छरदाणी लावू देऊ नये. तीत टोपलीभर बोटुकली सापडतात, पण त्यांपासून धड एक जेवण होत नाही. तीच वर्षभराने किलोच्या घरात जाऊ शकतात. बारीक जाळ्यांमुळे होणाऱ्या या नाशाकडे फ्रान्सिस डे यांनी १८७३ सालच्या अहवालात सरकारचे लक्ष वेधले होते. सुरुंग व विष यांस तर १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली.

तिसरी : कपाशीवरील फवारणी ऐन आश्लेषा-मघांत येते. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांस अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. सबब पंप व डबे नाल्यात कदापि धुऊ नयेत.

१९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंतःक्षेपणाने माशांची पैदास साधली. तेव्हापासून शेततळ्यांसाठी विकतचे बी मिळणे सुलभ झाले. तथापि नदीचा वंश नदीतच चालावा लागतो. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याच्या कणगीस कोणी शहाणा कुणबी हात लावीत नाही. भाद्रपदातील नालाही तशीच कणगी होय, हे प्रत्येक काठकऱ्याने ध्यानी धरावे.