जुन्या मालवाहू गाडीचे गिअर-तेल बदलावे किंवा कसे

पालघर तालुक्यातील माकुणसार, केळवे, माहीम या पट्ट्यातील भाजीपाला, केळी व विड्याची पाने हा सर्व नाशवंत माल होय. तो वेळेवर बाजारात पोहोचला तर त्यास भाव येतो. गाडी वाटेत अडली तर तोच मातीमोल होतो. असा माल वाहणारे टेंपो व ट्रक पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडील असतात. त्यांच्या धन्यास एक सल्ला हमखास मिळतो : गाडी फार चालली आहे, आता गिअरपेटीचे तेल बदलू नये, बदलल्यास पेटी जाईल.

ही भीती मूळची स्वयंचलित गिअरपेटीच्या गाड्यांबाबतची आहे. त्या पेटीतील अस्तर लावलेल्या चकत्या तेलातच फिरतात व तेलाच्या दाबाने एकमेकींस धरतात. अस्तर झिजले की त्याचा चुरा तेलात मिसळतो. वर्षानुवर्षे न बदललेले तेल यंत्राच्या दाबाने धुऊन काढल्यास सुटलेला गाळ बारीक वाटांत अडकू शकतो. चकत्या आधीच संपत आल्या असतील तर नवे तेलही त्यांस वाचवू शकत नाही. पेटी बंद पडते आणि दोष तेलावर येतो.

हाताने गिअर टाकावयाच्या ट्रकमध्ये मात्र क्लच सामान्यतः पेटीबाहेर व कोरडा असतो. पेटीत दातेरी चाके, बेअरिंगे व पितळी कडी एवढेच असते. त्यांस जुन्या तेलाचा काहीही लाभ नाही. हे तेल इंजिनातल्याप्रमाणे जळत नाही, म्हणून ते विसरले जाते. परंतु लोखंडाचा कीस त्यात साठत जातो व दातांवरील दाब सोसणारी द्रव्ये क्षीण होतात. खाडीकाठच्या गावी आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. पावसाळ्यात गाडी खोल पाण्यातून गेली की तापलेली पेटी एकदम थंड होते व श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसल्यास किलोमीटर मोजत बसू नये, ते तत्काळ बदलावे.

एरवी निर्मात्याच्या पुस्तिकेतील अंतर पाळावे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, ती सपाट जागी उभी करून चाकांस ओट लावावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. प्रथम भरावयाचा प्लग सुटतो की नाही हे पाहावे, मगच निचऱ्याचा प्लग काढावा. हा क्रम उलटा झाला व वरचा प्लग गंजून बसला असेल, तर रिकामी पेटी घेऊन मिस्त्रीची वाट पाहावी लागते. नवे तेल भरावयाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच घालावे.

तेलाच्या डब्यावरील ९० हा आकडा पाहून ते इंजिनच्या ४० क्रमांकाच्या तेलाहून दुपटीने दाट समजू नये. दोन्हींची मापे निराळी आहेत. जीएल-४ सांगितलेल्या पेटीत जीएल-५ घालू नये. क्राऊन-पिनियनच्या दातांसाठी त्यात गंधक-स्फुरदयुक्त द्रव्ये अधिक असतात व त्यांपासून पितळी कड्यांस अपाय होण्याचा संभव असतो.

निचऱ्याच्या प्लगवर लोहचुंबक असल्यास तो अवश्य पाहावा. त्यावरील मऊ राखाडी लेप ही नित्याची झीज होय. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग फुटले आहे; तेथे तेल बदलून भागत नाही, पेटी उघडावीच लागते. बदलानंतर गळती दिसली तर सील आधीच झिजले होते व घट्ट मळाने ते झाकले होते, असे समजावे. लाकडाचा भुसा निघाल्यास मात्र गाडी विकणाऱ्याची आठवण व्हावी : पेटीची घरघर दाबण्याची ती जुनी युक्ती आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक यांस एकच तेल पुरते. तेथे ट्रकचे उरलेले तेल ओतल्यास ब्रेक नीट लागत नाहीत.

काढलेले तेल बांधावर, ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे; तोपर्यंत झाकणाच्या डब्यात, मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.